सोबत मिळाली की धाडणे

आमच्या मंडळाचा यंदा रौप्यमहोत्सव. स्मरणिकेसाठी प्रत्येकीने काहीतरी लिहून द्यावे असे ठरले, तेव्हा एक पाककृती देऊन मोकळे व्हावे असा माझा बेत होता. परंतु चिटणीसबाई म्हणाल्या, "पाककृती सतरा आल्या आहेत, त्यांत कोथिंबीरवड्याच पाच. तुम्ही आपली ती प्रवासाची हकीकत लिहा, आणि पूर्वी बायका कशा प्रवास करीत तेही लिहा." आता इतिहास लिहिणे हे शिकलेल्या माणसांचे काम. माझे शिक्षण सातवीपर्यंत. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप झाला, त्यानंतर वडिलांची गिरणी काही सुरू झाली नाही; आम्ही गावी गेलो, आणि गावची शाळा सातवीपर्यंतच होती. तेव्हा भगिनींनी चुकले-माकले सांभाळून घ्यावे. पाहिले-ऐकले ते, आणि वाचनालयातून आणून वाचले ते, एवढीच माझी शिदोरी आहे.

विषय सुचला तो माझ्या पुतणीमुळे. धाकट्या जावेची ही मुलगी, वय सव्वीस, एका कचेरीत कॉम्प्युटरचे काम करते. गेल्या वर्षी तिने रजा काढली आणि पाठीवर एक पिशवी अडकवून एकटीच युरोपात गेली. तेही लंडन-पॅरिसला नव्हे, तर बाल्कन म्हणून जो डोंगराळ मुलूख आहे तिकडे. सर्बिया, माँटेनेग्रो, बोस्निया, अल्बानिया. एका शहरातून दुसऱ्या शहरात आगगाडीने जायचे, जिथे आगगाडी नाही तिथे लहान बसने. कोणती टूर कंपनी नाही, कोणी ओळखीचे नाही. जाऊबाईंनी आठ दिवस अन्न गोड मानले नाही. घरात ज्याच्या त्याच्या तोंडी एकच प्रश्न : सोबत कोण आहे?

सोबत! हा शब्द ऐकला आणि मला आमच्या पणजीची गोष्ट आठवली.

पणजी म्हणजे माझ्या आईची आजी. आजीचे माहेर आणि माझे माहेर, दोन्ही देवरुखच्या बाजूचीच, तालुका संगमेश्वर. पणजोबा लालबागेत गिरणीत कामाला, एका खोलीत गाववाल्या दहा-बारा जणांबरोबर राहायचे, बायकामुले गावी. तेव्हाची हीच रीत होती. १९३९ साली आषाढात चाळीतून पोस्टकार्ड आले. प्रकृती बरी नाही, सोबत मिळाली की कुटुंबास धाडणे. एवढ्याच दोन ओळी.

एरवी मुंबईस यायचे ते आगबोटीने. रत्नागिरी, जयगड, दाभोळ, हर्णै अशी बंदरे घेत बोट भाऊच्या धक्क्याला लागायची. बोट किनाऱ्याला येत नसे, खोल पाण्यात उभी राहायची. माणसे पडावात बसून तिच्यापर्यंत जायची आणि लाटेवर पडाव वर आला की खलाशी एकेकाला हाताला धरून वर ओढायचे. पण पावसाळ्यात बोटी बंद. मग उरली एकच वाट : साखरप्यावरून आंबा घाट चढून सर्व्हिस मोटारीने कोल्हापूर, तिथून आगगाडीने मिरज, मिरजेहून पुणे, आणि पुण्यास गाडी बदलून मुंबई. कोल्हापूर-पुणे हा मार्ग तेव्हा लहान रुळांचा होता, म्हणून पुण्यास उतरणे भागच असे. आपल्याला आज वाटेल, बसायचे गाडीत आणि जायचे. परंतु पणजीला वाचता येत नव्हते. पाटीवर काय लिहिले आहे, कोणती गाडी कुठे जाते, तिकीट किती, सगळे दुसऱ्याला विचारायचे. आणि परक्या पुरुषाला विचारायचे म्हणजे त्या काळी मोठीच गोष्ट.

म्हणून ती सोबत शोधीत बसली. वाडीतला दुकानदार कोल्हापुरास जाणार होता, पण तिथपर्यंतच. दुसऱ्या एका घरचा मुलगा पुण्यास जाणार होता, त्याचा दिवस ठरेना. असे करता करता अकरा दिवस गेले. शेवटी सोबत मिळाली. पणजी आणि नऊ वर्षांची माझी आजी दोघी लालबागेस पोचल्या, तेव्हा पणजोबांचा दहावा होऊन गेला होता. आजीला फार काही आठवत नसे. खुंटीवर सदरा तसाच टांगलेला होता, आणि चाळीतल्या माणसांनी आईला पाणी देऊन सदरा खाली काढला, एवढे मात्र ती पुष्कळदा सांगे.

यात दोष कोणाचा? ज्याने कार्ड लिहिले त्याने रीतीप्रमाणेच लिहिले. मला राहून राहून वाटते ते एवढेच, की रस्ता होता, मोटार होती, गाडी होती, पैसेही उसने मिळाले होते. आणि तरीही वाट अकरा दिवस बंद होती.

आगगाडी काही नवी नव्हती. १६ एप्रिल १८५३ रोजी दुपारी साडेतीनच्या सुमारास बोरीबंदरहून ठाण्यास पहिली गाडी निघाली. चौदा डबे, तीन इंजिने, सुमारे चारशे पाहुणे आणि एकवीस तोफांची सलामी. ती यावी म्हणून ज्यांनी खटपट केली त्यांत आपल्या गिरगावचे नाना शंकरशेट होते. याच नानांनी मुलींच्या शाळेला आपल्या वाड्यात जागा दिली होती. मला यात मोठी मौज वाटते. नाना दोन्ही गोष्टींच्या मागे होते, पण गाडी लवकर धावली आणि शाळा आमच्या पणजीपर्यंत पोचायला फार वेळ लागला.

बायकांच्या डब्याचा इतिहासही ऐकण्यासारखा आहे. आपण रोज परळला किंवा दादरला ज्या डब्यासाठी धावतो, तो कोणी दया म्हणून दिलेला नाही. तो कायद्याने आलेला आहे. १८९० सालच्या रेल्वे कायद्यात असे कलम होते, की १ जानेवारी १८९१ पासून प्रत्येक उतारू गाडीत सर्वात खालच्या वर्गाचा निदान एक कप्पा केवळ स्त्रियांसाठी राखून ठेवावा. आणि गाडी पन्नास मैलांहून अधिक जाणार असेल तर त्या कप्प्याला शौचकूप असावा. खालच्या वर्गाच्या बाकी डब्यांत ही सोय पुष्कळ उशिरा झाली. फणसाची भाजी खाऊन पोट बिघडलेला एक बंगाली गृहस्थ लोटा घेऊन स्टेशनात उतरला, गाडी त्याला टाकून निघून गेली, आणि त्याने १९०९ साली रागाने पत्र लिहिले तेव्हा सोय झाली असे सांगतात. आपल्याला मात्र ती कलमात आधीच मिळाली होती. बायकांना काही आधी मिळाल्याची उदाहरणे फार नाहीत, म्हणून हे मुद्दाम लिहिले.

आता, कायदा झाला तरी डब्यात बसणारी बाई घराबाहेर पडली पाहिजे. ज्या पडल्या त्यांची नावे आपण शाळेत ऐकतो आणि विसरतो. आनंदीबाई जोशी अठरा वर्षांच्या होत्या. ७ एप्रिल १८८३ रोजी त्या कलकत्त्याहून बोटीत बसल्या आणि ४ जूनला न्यूयॉर्कला उतरल्या. यजमान बरोबर नव्हते. सोबत होती ती मिशनरी मडमांची. त्यांचे खाणे वेगळे, बोलणे वेगळे. ११ मार्च १८८६ ला त्या डॉक्टर झाल्या आणि परत आल्यावर काही महिन्यांतच, २६ फेब्रुवारी १८८७ ला, पुण्यात वारल्या. पंडिता रमाबाई तर लहानपणापासून आईबापांबरोबर पायी देश हिंडलेल्या. पुढे इंग्लंड आणि अमेरिका पाहून आल्या आणि अमेरिकेच्या प्रवासावर १८८९ साली मराठीत पुस्तक लिहिले. त्याच साली ११ मार्चला त्यांनी आपल्या चौपाटीजवळ शारदासदन काढले.

परंतु या दोघी विद्वान. माझ्यासारखीला धीर येतो तो पार्वतीबाई आठवल्यांचे चरित्र वाचून, आणि त्या आमच्या देवरुखच्या हे कळल्यावर तर मला कोण आनंद झाला! वाचनालयातल्या बाईंनी 'माझी कहाणी' हे त्यांचे पुस्तक काढून दिले. ते १९२८ सालचे आहे. पार्वतीबाई १८७० साली जन्मल्या. अकराव्या वर्षी लग्न, विशीत वैधव्य, पदरी एक मुलगा, आणि रीतीप्रमाणे केशवपन झालेले. त्यांची बहीण गोदूबाई शारदासदनात शिकायला आलेली पहिली विधवा. तिच्याशी अण्णासाहेब कर्व्यांनी १८९३ साली पुनर्विवाह केला. पार्वतीबाईंना तोवर अक्षरओळखही नव्हती. पंचविशी उलटल्यावर त्यांनी पाटी हातात घेतली, आणि पुढे कर्व्यांच्या हिंगण्याच्या आश्रमासाठी वर्गणी गोळा करीत गावोगाव फिरू लागल्या. डोक्यावरून लाल लुगड्याचा पदर घेतलेली बाई एकटी गाडीतून उतरते आणि परक्या गावात घरोघर जाऊन पैसे मागते, हे लोकांना कसे दिसले असेल, याची कल्पना आपणच करावी. १९१२ साली त्यांनी केशवपन सोडून केस राखले. त्यावरही बोलणी खाल्ली.

आणि मग वयाची पंचेचाळिशी उलटल्यावर, १९१८ साली, त्या एकट्या अमेरिकेस गेल्या. इंग्रजी जेमतेम. पैसे नव्हते, म्हणून लोकांच्या घरी घरकाम केले, भांडी घासली, आणि इंग्रजी शिकत आश्रमासाठी मदत मागितली. १९२० साली परत आल्या. हे वाचताना मी पुस्तक मिटून ठेवले आणि थोडा वेळ नुसती बसले. माझ्याच वयाची बाई, माझ्याच मुलखातली, आणि मी दादरहून ठाण्याला जायचे तर मुलाला म्हणते, "येतोस का रे बरोबर?"

(जाता जाता एक सांगते. पार्वतीबाई गेल्या तेव्हा पहिले महायुद्ध शेवटास आले होते. ते युद्ध पेटले बाल्कनातल्या सारायेव्हो शहरात २८ जून १९१४ ला झालेल्या खुनावरून. पुतणीने त्याच जागेजवळच्या पुलावरून मला फोटो पाठवला. लहानसा दगडी पूल, खाली घोटाभर पाणी.)

पणजीचे पुढे काय झाले ते सांगायचे राहिले. ती गावी परत गेली नाही. त्याच चाळीत तिने गाववाल्यांची खाणावळ घातली. गिरणगावात अशा खाणावळी घालणाऱ्या बायका घरोघर होत्या. पुढे १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी त्यांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ काढले, पण तोवर पणजी थकली होती. तर सांगायचे ते असे, की दोन-तीन वर्षांत ती आगबोटीने एकटी गावी जाऊ-येऊ लागली. वाचता येत नव्हतेच. तिने बोटींची नावे आणि भोंगे ओळखायला शिकून घेतले. डेकवर जागा धरायची ती यंत्रापासून लांब, म्हणजे वासाने मळमळत नाही. जवळ लिंबू आणि आवळकाठी ठेवायची. असे करता करता माणसे तिच्याकडे येऊ लागली : "काकी, आमच्या सुनेला तेवढी सोबत घेऊन या." आजी म्हणायची, एका खेपेस तर पाच लेकुरवाळ्या तिच्या मागे होत्या. १७ जुलै १९४७ रोजी रामदास बोट रेवसला जाताना काशाच्या खडकाजवळ बुडाली आणि सहाशेंहून अधिक माणसे गेली, तेव्हा सगळ्यांनी पणजीला बोटीची शपथ घातली. नारळी पौर्णिमा झाल्यावर ती पुन्हा बोटीत बसली.

१ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर अशी पहिली एस.टी. धावली आणि हळूहळू लाल गाडी कोकणातल्या वाडीवस्तीपर्यंत आली. आगबोटी पुढे बंद पडल्या. माझ्या लहानपणी प्रवास म्हणजे रात्रीची एस.टी.; वडे, उलट्या आणि पनवेलचा थांबा. सोबतीचा प्रकार मात्र तसाच. शेजारच्या सीटवर कोण आहे ते पाहून वडील त्या गृहस्थांना सांगायचे, "आमच्या मुलीकडे जरा लक्ष असू द्या." कंडक्टरलाही सांगायचे. मग सगळी गाडी माझ्याकडे लक्ष ठेवायची आणि मला खिडकीतून तोंडही बाहेर काढता येत नसे.

मुंबईत दिवस पालटत होते. ५ मे १९९२ ला चर्चगेट-बोरिवली अशी केवळ बायकांची लोकल निघाली. साताऱ्याच्या सुरेखा यादव इंजिन चालवू लागल्या; ८ मार्च २०११ ला त्यांनी डेक्कन क्वीन घाट उतरवून मुंबईस आणली. आता त्या निवृत्त झाल्या आहेत. २६ जानेवारी १९९८ ला कोकण रेल्वे सबंध मार्गावर सुरू झाली. नव्वदाहून अधिक बोगदे, रत्नागिरीजवळचा पानवलचा पूल चौसष्ट मीटर उंच. पुतणीला मी हे अभिमानाने सांगितले तर तिने बेलग्रेड ते बार या गाडीचे फोटो पाठवले. १९७६ साली सुरू झालेला तो मार्ग ४७६ किलोमीटरचा, त्यात २५४ बोगदे, आणि एक पूल १९८ मीटर उंच. मी म्हटले, असेल बाई, पण त्यांच्याकडे आपल्यासारखा पाऊस नाही.

तिची एक गंमत मला फार आवडली. अल्बानियात आगगाडी जवळजवळ नाहीच, लोक 'फुर्गोन' नावाच्या लहान बसने जातात. तिला वेळापत्रक नसते. गाडीवाला रस्त्यावर उभा राहून गावाचे नाव ओरडतो, माणसे भरली की गाडी सुटते, आणि कुठेही हात केला की थांबते. पुतणी म्हणाली, "काकी, मला पहिल्या दिवशी भीती वाटली आणि दुसऱ्या दिवशी कळले, हे तर आपले वडाप!" एका म्हातारीने तिला आपल्या शेजारी बसवून घेतले आणि सबंध वाट अंजीर खायला घातले. भाषा एकीची दुसरीला कळत नव्हती.

आता माझी हकीकत. ती फार मोठी नाही. पावसाळ्यातच, रात्री आठ वाजता गावाहून भावाचा फोन आला, की आई पडली आहे, बोलत नाही. यांची रात्रपाळी सुरू झालेली, मुलाची सकाळी परीक्षा. भाऊ म्हणाला, "उद्या-परवा कोणी येणारे असेल तर ये. घाई करू नको." मी फोन ठेवला आणि चाळीत कोण गावी जाणार आहे याचा मनात हिशोब करू लागले. तेवढ्यात ते पोस्टकार्ड माझ्या डोळ्यांपुढे आले. मी ते कधी पाहिलेले नाही, तरी आले.

यांना फोन केला. क्षणभर थांबून हे म्हणाले, "तिकिटाला पैसे आहेत ना?" माणसाने इतकेच विचारावे. मी दोन साड्या, पाण्याची बाटली आणि पोळ्या घेतल्या आणि दादरला आले. मध्यरात्री तुतारी एक्सप्रेस सुटते. मालगुंडच्या केशवसुतांच्या कवितेवरून तिला हे नाव दिले आहे. बायकांच्या डब्यात पाय ठेवायला जागा नव्हती. ट्रंकेवर बसलेल्या एका मुलीने आत सरकून मला टेकायला दिले. पुतणीला कोणी कळवले देव जाणे, तिचे फोनवर निरोप सुरू झाले : काकी, पैसे दोन ठिकाणी ठेव. काकी, दाराजवळ उभी राहू नको. काकी, कोणाचे चहापाणी घेऊ नको. तिला अंजीर चालले, आणि मला चहा चालत नाही!

भीती वाटली का, असे मैत्रिणी विचारतात. पनवेलपर्यंत वाटली. पुढे माणगावला एक म्हातारी चढली आणि तिने मला विचारले, "खेड आले की उठवशील का गो?" मग झोपायची सोय राहिली नाही, आणि भीतीचेही विसरले. खेडला तिला उतरवून दिले.

संगमेश्वरला उतरले तेव्हा उजाडले होते आणि पाऊस कोसळत होता. रिक्षाने स्टँडवर आले, देवरुखची एस.टी. उभीच होती. कंडक्टरने अर्धे तिकीट फाडले. १७ मार्च २०२३ पासून बायकांना एस.टी.त अर्धे भाडे झाले आहे हे मला ठाऊक होते, पण आजवर तिकीट नेहमी दुसऱ्याने काढलेले. माझ्या हाताने काढलेले ते पहिले. देवरुखहून पुढे वडाप. गाडीवाला आमच्या वाडीचे नाव ओरडत होता.

आईने डोळे उघडले होते. एक बाजू लुळी होती, पण शब्द फुटत होते. तिने मला ओळखले आणि माझ्या पाठीमागे दाराकडे पाहिले.

"कोण गो सोबतीला?"

"कोणी नाही आई. एकटीच आले."

तिला ते पटले नाही. थोड्या वेळाने तिने भावजयीला खुणेने जवळ बोलावले आणि हळूच सांगितले, "चहा दोन कप ठेव. माणूस बाहेर गाडीचे पैसे देत असेल."

भावजयीने दोन कप आणून ठेवले. दुसराही मीच प्यायले.